पहिली गुटी बांधताय? एवढं सांभाळा

डाळिंबाची गुटी कशी बांधायची, असं विचारलंत. तुमच्या सटाण्याच्या मावसभावाकडे भगवा जातीचं डाळिंब आहे, म्हणजे निम्मं काम झालंच भाऊ. नर्सरीवाले लेअरिंग म्हणतात ती आपली गुटीच: फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची आणि मग कापून नवं रोप करायचं.

झाड निवडताना भीड नको. तेल्याचा (डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग) एक जरी डाग दिसला, तर त्या झाडाची गुटी घेऊ नका, मग मावसभाऊ रागावला तरी चालेल. रोग कलमाबरोबर घरी येतो.

पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी घ्या. अडीच-तीन सेंटीमीटर साल गोल काढा. नवखे इथेच फसतात: साल निघते, पण खालचा चिकट थर राहतो. तो खरवडला नाही तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटतच नाहीत. मग:

- साल काढलेल्या जागी भिजवून पिळलेलं मॉस (शेवाळ) गुंडाळा, पाणी गळता कामा नये.
- वर पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने घट्ट.
- उघडून बघायचं नाही! मुळं बाहेरूनच दिसतात.

साधारण दीड-दोन महिन्यांत मुळं भरतात. पांढरी कोवळी असताना घाई नको, तपकिरी होऊ द्या. कापल्यावर पिशवीत लावून सावलीत ठेवा. मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरक पावडरीचं पुढच्या वर्षी बघू.