वाचकांचे प्रश्न : ब्राउझर आणि सर्व्हर यांचे आधी काय ठरते?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका गावात सेवा केंद्र चालवतो. पीकविमा, शिष्यवृत्ती, दाखले यांचे अर्ज भरताना काही संकेतस्थळे चटकन उघडतात, तर काही त्याच संगणकावर, त्याच इंटरनेटवर रखडत राहतात. प्रोटोकॉल आपसात ठरवून घेण्याची सोय ब्राउझरमध्ये आली आहे, असे ऐकले. ती मला सुरू करावी लागेल का? आणि ती नेमके काय करते?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्याला काहीही सुरू करावे लागणार नाही. प्रोटोकॉल म्हणजे दोन संगणकांनी आपसात बोलण्याचे ठरलेले नियम; ते ठरवून घेण्याच्या या सोयीचे नाव एएलपीएन असून ती सर्व प्रचलित ब्राउझरांत कित्येक वर्षांपासून आहे. आपला ब्राउझर ती रोज वापरतो. समोरचा सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ ज्यावर असते तो संगणक, तिला काय उत्तर देतो, यावर मात्र बरेच अवलंबून असते.

सुरक्षित संकेतस्थळ उघडताना पान येण्यापूर्वी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात टीएलएसची (माहिती सांकेतिक रूपात नेणाऱ्या सुरक्षा-पद्धतीची) प्राथमिक बोलणी होतात. त्यातील अगदी पहिल्या संदेशातच ब्राउझर आपल्याला येणाऱ्या प्रोटोकॉलांची यादी पसंतीच्या क्रमाने पाठवतो, बहुधा ‘एच२’ (पाने मागवण्याच्या एचटीटीपी या प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती) आणि त्यामागे जुनी ‘एचटीटीपी/१.१’. सर्व्हर त्यातील एक निवडून आपल्या उत्तरासोबतच कळवतो. तहसील कचेरीत आधी चौकशीची एक खेप आणि मग अर्जाची दुसरी खेप घालण्याऐवजी अर्जातच ‘यांपैकी जे शक्य असेल ते द्यावे’ असे लिहून द्यावे, तसा हा प्रकार आहे. टॉवर दूर असलेल्या गावात प्रत्येक खेपेचा विलंब जाणवतो, म्हणून एकही खेप न वाढवणे हाच या रचनेचा खरा गुण आहे, असे मला वाटते.

हे काम पहिल्यांदा असे होत नव्हते. गूगलने २००९ मध्ये पाने वेगाने आणण्यासाठी स्पीडी हा प्रोटोकॉल जाहीर केला आणि त्याच्यासाठी एनपीएन ही पद्धत आणली. तिच्यात यादी सर्व्हर देत असे आणि निवड ब्राउझर करत असे. जुलै २०१४ मध्ये आरएफसी ७३०१ या दस्तऐवजाने एएलपीएन प्रमाणित झाले, तेव्हा हा क्रम उलटा करण्यात आला. टीएलएसमधील सांकेतिकीकरणाची पद्धतही सर्व्हरच निवडतो, त्यामुळे नवा क्रम त्याच्याशी सुसंगत होता. शिवाय प्रोटोकॉल पाहून आपल्या ओळखीचे वेगळे प्रमाणपत्र देणे सर्व्हरला शक्य झाले. गोपनीयतेच्या बाबतीत मात्र जुनी पद्धत उजवी होती, कारण तिच्यात ब्राउझरची निवड सांकेतिक रूपात जाई. एएलपीएनमध्ये ब्राउझरची यादी उघड्यावर जाते, टीएलएस १.३ मध्ये निदान सर्व्हरचे उत्तर तरी झाकलेले असते.

आता आपल्या रखडणाऱ्या संकेतस्थळांकडे वळू. मे २०१६ मध्ये क्रोमच्या ५१व्या आवृत्तीतून स्पीडी आणि एनपीएन दोन्ही काढून टाकण्यात आले. त्या वेळी अनेक सर्व्हरांवर ओपनएसएसएलची (टीएलएसचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरची) १.०.१ ही आवृत्ती होती आणि एएलपीएन तर १.०.२ पासून आले होते. अशी संकेतस्थळे बंद पडली नाहीत. क्रोमसाठी ती गुपचूप एचटीटीपी/१.१ वर परतली. सर्व्हर जुना असो किंवा त्यावर एच२ सुरूच केलेले नसो, आजही नेमके हेच घडते. एचटीटीपी/१.१ मध्ये ब्राउझर एका सर्व्हरशी साधारण ६ जोडण्या उघडतो आणि उरलेल्या फायली रांगेत थांबतात; एच२ मध्ये एकाच जोडणीवरून अनेक मागण्या एकत्र जातात. छोट्या-छोट्या फायलींनी भरलेल्या अर्जाच्या पानावर हा फरक स्पष्ट दिसतो. अर्थात रखडण्याला संथ डेटाबेस किंवा शेवटच्या तारखेची गर्दीही कारण असू शकते आणि त्यावर कोणताही प्रोटोकॉल उपाय करू शकत नाही.

खात्री करायची असल्यास क्रोममध्ये एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ विभाग उघडावा, स्तंभांच्या शीर्षकावर उजवी कळ दाबून ‘प्रोटोकॉल’ हा स्तंभ निवडावा आणि पान पुन्हा उघडावे. तेथे ‘एचटीटीपी/१.१’ दिसल्यास त्यावर आपल्या केंद्रातून इलाज नाही. तक्रार संकेतस्थळ चालवणाऱ्यांकडेच करावी लागेल. संगणकावर विंडोज ७ असेल तर मात्र तो बदलावा, कारण क्रोमची १०९ ही आवृत्ती त्यावर चालणारी शेवटची आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या फायरवॉलवर यूडीपी बंद आहे. एचटीटीपी/३ यूडीपीवर चालते म्हणतात. मग पुढे संकेतस्थळे उघडणारच नाहीत का?
— एक शिक्षिका, जि. गडचिरोली

उत्तर : उघडतील. यूडीपी आणि टीसीपी हे इंटरनेटवरून माहिती पोहोचवण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत. एचटीटीपी/३ हे क्विक या यूडीपीवरील प्रोटोकॉलवर चालते, त्यामुळे टीसीपीवर सुरू झालेल्या जोडणीत एएलपीएनने ‘एच३’ निवडता येत नाही. म्हणून सर्व्हर पहिल्या भेटीत उत्तरासोबत जाणाऱ्या ‘ऑल्ट-सर्व्हिस’ या शीर्षकातून, किंवा त्याही आधी डीएनएसमधील (संकेतस्थळांच्या नावांच्या पत्तेवहीतील) एचटीटीपीएस नोंदीतून, एच३ उपलब्ध असल्याचे कळवतो. ब्राउझर तसा प्रयत्न करून पाहतो आणि यूडीपीची वाट बंद आढळल्यास टीसीपीवरील एच२ वापरतो. शाळेतील एका जागी असलेल्या संगणकांना यात फारसा तोटा नाही. वाय-फाय सोडून मोबाइल नेटवर्कवर जाताना जोडणी न तोडण्याची क्विकमधील सोय फोनला उपयोगी पडते, संगणक कक्षाला तिची गरज नाही.