त्याच चौकटीत परत जा

पोरी,

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतून परतल्यावर तुझी मेल वाचली. आधी हसू आलं, मग राग. 'हिमालयातलं कुरण आणि देवदार पंधरा दिवसांत उरकले, आता सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचं गवत कशाला?' उरकले? हा शब्द कुठून शिकलीस?

ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातली तुझी यादी चांगलीच आहे. खाली देवदार-कैल, वर राई-तोस म्हणजे स्प्रूस-फर, मग खर्सू ओक, भूर्ज आणि माथ्यावर थाच, म्हणजे उघडी कुरणं. पण मेंढ्यांच्या जुन्या तळावर रुमेक्स हे रुंद पानांचं तण माजलेलं दिसलं आणि तू सरळ लिहिलंस, 'कुरण बिघडले'. अगं, लेंड्या-मुताचं नत्र मातीत मुरलेलं असतं, कळप गेले तरी रुमेक्स लगेच जागा सोडत नाही. तो पसरतोय की आटतोय, हे एका फेरीत कसं कळणार? मोजणीसाठी जो तुकडा आखलास, त्याच चौकटीत परत जा.

उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीचं बघ. १९८२ ला राष्ट्रीय उद्यान झालं, चराई थांबली, पुढे पॉलिगोनम नावाचं उंच तण एवढं माजलं की वनखात्याला उपटत बसावं लागलं. चराई थांबल्यानं माजलं, की दरडींनी उघडी पडलेली जमीन त्याला आयती मिळाली? हा वाद तुझ्या-माझ्या यादीनं मिटायचा नाही.

आता माझं ऐक. तुझ्या वयाचा असताना इथल्याच एका माळावर एप्रिलात गेलो होतो. करपलेलं रान बघून वहीत 'पडीक' लिहिलं. चार वर्षांनी ऑगस्टात गेलो तर पवन्या, मारवेल, कुसळी गुडघाभर. आणि मधोमध गिरिपुष्पाची झाडं लावायला खणलेले ओळीनं खड्डे. माझ्या अहवालावरूनच खणले असं नाही, आधीच ठरलं असेल. प्रवासभत्ताही एकाच फेरीचा होता. पण 'पडीक' लिहिलं ते मीच, आणि गवताळ माळावर जगणाऱ्या माळढोक पक्ष्याच्या जिल्ह्यात राहून लिहिलं.

हिमालयाची फेलोशिप मिळते आहे ना, घे. नको कोण म्हणतंय? फक्त दरवर्षी त्याच चौकटीत जाशील, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घे. नाही म्हणाले तर नान्नजला ये, सोलापूरहून एसटीनं तासाभराच्या आत पोचतेस.

पहिला पाऊस पडला की फोन कर. चौकटीच्या कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या ठोकू. रंगवायच्या नाहीत, रंग दिसला की पोरं उपटून नेतात. दिवाळीनंतरच्या फेरीला मोजे मात्र घालू नकोस, कुसळं काढता काढता संध्याकाळ होते. भाकरी आणि शेंगाचटणी मी आणीन.