एप्रिलमध्ये बेळगावात दुपारी धूर दिसत नाही, तरी धावताना छाती जड का होते?

कारण जमिनीलगतचा ओझोन वायू असू शकतो. तो कुठल्या धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहनांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, थिनरच्या वाफा यांच्यावर कडक ऊन पडलं की तो हवेतच तयार होतो, म्हणून साधारण दुपारी 1 ते 4 या वेळात सर्वाधिक. गंमत म्हणजे भर चौकात तो कमी भरतो, कारण ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. वाऱ्याच्या दिशेनं पुढच्या मोकळ्या माळावर किंवा गावात जास्त.

भारतातली मर्यादा 8 तासांच्या सरासरीला 100 आणि 1 तासाला 180 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघताना ओझोनचा वेगळा बघा, नुसता पीएम 2.5 (हवेतले अतिसूक्ष्म कण) नको.

बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर धावायचं तर सकाळी लवकर जा. एन-95 मास्कवर विसंबू नका, तो कण अडवतो, वायू नाही. दम्याच्या माणसानं दुपारी खिडक्या लावून आत थांबावं आणि खोलीत ओझोन सोडणारं हवाशुद्धी यंत्र मुळीच लावू नये. पेट्रोल संध्याकाळी भरा. नोझल खट्ट करून थांबलं की वरून आणखी ओतायला लावू नका, त्या वाफाच दुसऱ्या दुपारचा कच्चा माल.