संधी, सांधा आणि सांद

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचं ‘समान संधी धोरण’ मराठीत लिहितोय. ‘दिव्यांगांनाही संधी दिली जाईल’ या वाक्यावर व्हीलचेअर वापरणारे आमचे एक सहकारी अडले. यात चूक काय? आणि ‘दिव्यांग’ लिहावं की ‘अपंग’?

उत्तर : तुमचे सहकारी बरोबर जागी अडले. आधी तो ‘ही’ काढा. ‘पाहुण्यांनाही वाढा’ म्हणताना घरचे आधीच पंगतीत बसलेले असतात. मग ते ‘दिली जाईल’. ऐकून ऐकून कान किटले माझे! देणारा कोण? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आस्थापनांत किमान ४ टक्के पदं राखीव आहेत, त्या जागांवरसुद्धा लोक ‘संधी दिली’ म्हणतात. तो हक्क आहे, हक्कच म्हणा.

आता ‘संधी’. तह, व्याकरणातला संधी, योग्य वेळ हे अर्थ शाळेत होतात, ते सोडतो. सम् अधिक धा, म्हणजे एकत्र ठेवणं. त्यातून गुडघ्याचा सांधा, संधिवात, सांधणं. आणि त्याच घरातली ‘सांद’! नागपूरच्या महाल भागात दोन जुन्या वाड्यांच्या मधे माणूस अंग चोरूनच शिरेल अशी चिंचोळी जागा उरते ना, ती. दोन भिंती जिथं भेटतात तिथंच फट राहते, म्हणून एकाच शब्दाच्या पोटी जोडही आहे आणि फटही. संस्कृतात तर चोरानं भिंतीला पाडलेलं भगदाडसुद्धा ‘संधि’, हिंदीतली ‘सेंध’ त्याचीच लेक. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातला चोर शर्विलक नायक चारुदत्ताच्या भिंतीशी उभा राहून भगदाड कमळाच्या आकाराचं पाडू की कुंभाच्या, असा विचार करतो. मापाची दोरी विसरल्यावर जानव्यानं माप घेतो. केवढं सुंदर!

माझं ठाम मत असं, की ‘मोका’ हा अर्थ या फटीतूनच आला. संस्कृतचे काही जाणकार तो संधिकालावरून, दोन वेळा जुळण्यावरून काढतात. मला ते साफ अमान्य आहे. मराठी क्रियापदंच बघा : संधी सापडते, साधावी लागते, हुकते, दवडली जाते. भिंतीतली वाट सापडते आणि हुकतेही. दिवेलागण कधी कुणाला ‘सापडली’ आहे का? पोथ्यांपुरतं बघणाऱ्यांनी बोलणाऱ्यांची क्रियापदं ऐकलेलीच नसतात.

वरोऱ्याला आनंदवनात अपंगांना व्यवसाय शिकवणाऱ्या केंद्राचं नाव ‘संधिनिकेतन’ आहे. बाबा आमट्यांच्या संस्थेतल्या या नावात मला जोड आणि वाट दोन्ही ऐकू येतात.

कामाच्या जागी हा ‘सांधणं’ अर्थ फार उपयोगी आहे. यंत्राचा पायानं दाबायचा खटका हाताच्या दांड्याला जोडला, टेबल चार बोटं उचललं, की चाकाची खुर्ची आत सरकते आणि माणूस कामाला लागतो. भिंत त्या माणसात नव्हती, टेबलाच्या उंचीत होती. कायद्याचं कलम २० हेच सांगतं. नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही. आधीचं काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर, त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं.

तुमच्या धोरणाचंही तसंच आहे. वीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापनेनं दिव्यांगांसाठी कोणती पदं, निवड कशी, प्रशिक्षण काय, साधनं आणि सोयी कोणत्या, हे त्यात मांडायचं असतं. ‘संधी दिली जाईल’ या एका ओळीत यातलं काहीच येत नाही. त्याऐवजी पदांची नावं घालून असं लिहा : ‘पुढील पदांवर दिव्यांग उमेदवारांची नेमणूक होईल. मुलाखत तळमजल्यावर होईल. सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असल्यास अर्जात कळवावे.’

हो, ‘दिव्यांग’ की ‘अपंग’ राहिलंच. कायद्याचं मराठी नाव ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम’ आहे, म्हणून कागदावर दिव्यांग. बोलताना कोणता शब्द चालतो, ते तुमच्या त्या सहकाऱ्यांनाच विचारा.