ज्या दिवसाची कीर्द, त्या दिवशी

सांगली

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. दिवसा ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर पुस्तपालन शिकवायचे आणि संध्याकाळी वाचनालयाचे मानद खजिनदारपद सांभाळायचे, हे तू पत्करलेस. ते का पत्करावे याची चर्चा आपल्या दोघांत नको. तुझा प्रश्न वेगळा आहे. रोज कीर्द, म्हणजे त्या दिवसाच्या जमाखर्चाची वही, लिहून शिल्लक मोजण्याचा आग्रह धरलास, तर वडीलधारे विश्वस्त विचारतात, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ मग महिनाअखेरीस एकदम लिहिली तर काय बिघडते, असे तूच मला विचारतेस.

बिघडते. चौतीस वर्षे मी हा विषय शिकवला आणि तितकीच वर्षे गावातल्या लहानमोठ्या संस्थांचे हिशेब लिहिले, तरी हे मला फार उशिरा कळले.

२००५ च्या पुरात कृष्णेचे पाणी गावात शिरले, तेव्हा एका संस्थेच्या मदतनिधीचा हिशेब माझ्याकडे होता. धान्य, चादरी आणि माणसे हलवण्याच्या गडबडीत अकरा दिवस कीर्द लिहायची राहिली. पावत्या फाडल्या जात होत्या आणि रोख रक्कम कपाटात पडत होती. बाराव्या रात्री मी स्थळप्रती, म्हणजे पावतीपुस्तकात राहिलेल्या पावत्यांच्या प्रती, समोर घेऊन एका बैठकीत सगळे लिहून काढले, आणि कीर्दीपेक्षा रोख २,७०० रुपयांनी कमी निघाली. कपाटाची किल्ली तिथल्या लिपिकाकडे असायची. कोणी त्याच्यावर उघड आरोप केला नाही. पण सगळे गप्प बसले आणि मीही गप्प बसलो. त्याने आठवड्याभरात पदरचे पैसे भरले आणि नोकरी सोडली.

मार्चअखेरीस ताळेबंदासाठी स्थळप्रती पुन्हा तपासताना मला चूक सापडली. २,५३० रुपयांची पावती कीर्दीत ५,२३० अशी लिहिली गेली होती आणि अक्षर माझे होते. फरकाला नऊने नि:शेष भाग गेला तर अंकांची अदलाबदल शोधा, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो होतो. २,७०० ला नऊने भाग जातो, हे त्या रात्री माझ्या मनातही आले नाही, कारण माझ्या नजरेसमोर आकडा नव्हता, माणूस होता. त्याच संध्याकाळी कीर्द लिहून रोख मोजली असती, तर समोर दहा-बारा पावत्या असत्या आणि चूक पाच मिनिटांत सापडली असती. म्हणून सांगतो, ज्या दिवसाची कीर्द, त्या दिवशी.

विश्वासाचा प्रश्न काढणाऱ्यांना हे सांग की रोज मोजलेली शिल्लक किल्ली सांभाळणाऱ्याचे रक्षण करते. लेखापरीक्षक वर्ष संपल्यावर येतो. त्याला पावत्या दिसतील, व्हाउचर दिसतील, बँकेचा मेळ दिसेल. पण १४ जूनच्या संध्याकाळी खणात प्रत्यक्ष किती रोख होती, हे त्याला कोणीही दाखवू शकत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याने नियमित हिशेब विश्वस्तांवर बंधनकारक केले आहेत. हे त्यांना ठाऊक नसेल, असे मी मानत नाही. मग तू कशासाठी संकोचतेस?

आपल्या कृष्णाकाठच्या संस्था कोणाच्या पैशावर उभ्या राहिल्या, तेही आठव. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. तिथल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. अशा पैशाची नोंद ‘बघू महिनाअखेरीस’ म्हणून ठेवता येते का?

मी हट्टी आहे असे गावात म्हणतात. पुढे एका संस्थेत मागल्या तारखा घालून लिहिलेल्या कीर्दीवर सही करायला मी नकार दिला आणि त्यानंतर तिथले दार मला बंद झाले. घरीही संध्याकाळी मी वेळेवर क्वचितच पोहोचलो. मुलांचे अभ्यास पत्नीने एकटीने घेतले, याची खंत मला आहे. पण त्या नकाराची खंत नाही, आणि आज पुन्हा प्रसंग आला तरी मी सही करणार नाही. त्या अकरा दिवसांनंतर मला दुसरे काही करणे शक्यच नव्हते, हे तुला तरी समजावे.

लिपिकाच्या घरी मी २,७०० रुपये घेऊन गेलो होतो. त्याने ते माझ्यासमोर मोजले, मला पाणी दिले आणि एवढेच विचारले, ‘सर, ही नोंद कोणत्या तारखेला घालणार?’ ‘आजच्याच,’ मी म्हणालो. परत येऊन मी ती त्याच रात्री घातली.

पदभार घेण्यापूर्वी हातशिल्लक नोटांच्या तपशिलासह मोजून घे, त्या कागदावर अध्यक्षांची सही घे आणि कोऱ्या पावतीपुस्तकांचे क्रमांक टिपून ठेव. पहिल्या दिवसाची कीर्द लिहून झाली की वही घेऊन ये. रात्र झाली तरी मी जागा असेन.

तुझा,
सर