लीजचं घर घ्यावं का?

प्रश्न: आम्ही खानापूरचे. मुलाला बेळगावात उद्यमबागेत नोकरी लागली. अनगोळमधला घरमालक म्हणतो, तीन लाख एकरकमी द्या, दोन वर्षं भाडं नको, सोडताना पैसे परत. द्यावेत का?

उत्तर: घर स्वस्तच पडेल. तीन लाखांवर ६ टक्क्यांनी वर्षाला १८,००० व्याज बुडतं, म्हणजे महिना १,५०० भाडं. पण घर आधीच बँकेत गहाण असलं आणि मालकाचे हप्ते थकले, तर जप्ती येते आणि तुमचे तीन लाख अडकतात. कष्टाचा पैसा आहे, घाई नको. उपनिबंधक कार्यालयातून किंवा कर्नाटक नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून बोजा दाखला (ईसी) काढा, म्हणजे घरावर नोंदलेलं गहाण असेल तर कळेल. मूळ खरेदीपत्र हातात घेऊन बघा. मालक नुसती झेरॉक्सच पुढं करत असेल, तर मूळ कागद बहुधा बँकेत आहे.

दोन वर्षांचा करार नोंदणीकृतच हवा. अकरा महिन्यांच्या साध्या स्टँपवर भागवू नका. मजकूर कन्नडमध्ये असेल तर सहीआधी जाणत्याकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. रक्कम चेकनंच द्या. राहायला जाताना हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) मीटरचा आकडा फोटोत टिपा, आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते मालकाला नाही, शेजारणीला विचारा.