लहानपणी झालेला बाप्तिस्मा आठवत नाही, पुन्हा घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा तुम्हाला आठवत नाही आणि नव्या मंडळीतले लोक आता पाण्यात बुडून पुन्हा घ्यायला सांगतात. शिवाय, घेतला तरी रोजच्या जगण्यात त्याचं काय, हेही विचारलंय.

माझं ऐकाल तर पुन्हा घेऊ नका. माझा बाप्तिस्मा इंदूरला मी सहा महिन्यांची असताना झाला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने कपाळावर तीनदा पाणी घातलं, आणि मी म्हणे झोपेतच होते. पण बाप्तिस्म्यात शब्द देतो तो देव. मी झोपले होते म्हणून त्याचा शब्द कच्चा ठरत नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल 'एकच बाप्तिस्मा' म्हणतो तो याचसाठी, असं मी मानते. आमची उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) १९७० मध्ये नागपूरला स्थापन झाली, तेव्हा मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही तिच्यात सामील झाले. म्हणून आमच्याकडे बाळाचा बाप्तिस्मा होतो आणि मोठेपणी विश्वासाची कबुली देऊन घेतलेलाही चालतो. बुडवून की शिंपडून, यावर मी वाद घालत नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त जिव्हाळ्याचा. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो. पण आपल्यातला जुना माणूस, म्हणजे आपला पापी स्वभाव, फार चिवट. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत, म्हणजे विश्वासाची शिकवण देणाऱ्या पुस्तिकेत, लिहिलं की त्याला रोज पश्चात्तापानं बुडवावं लागतं.

आई गेल्यावर तिच्या बांगड्यांवरून माझं भावाशी बोलणं तीन वर्षं बंद होतं. माझ्या वाटणीच्या दोन बांगड्या वहिनीनं मोडल्या होत्या आणि मी चार नातेवाइकांसमोर तिला चोर म्हटलं होतं. एका रविवारी प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढे जाण्याआधी, पाळकसाहेबांनी मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला: अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. मला पुढे जाववेना. उठले, रिक्षा केली आणि थेट राजेंद्रनगर गाठलं. वहिनीनं दार उघडलं तेव्हा तिचे हात कणकेनं भरलेले होते. मी म्हटलं, "वहिनी, मी तुला चोर म्हणाले, माझं चुकलं." ती काहीच बोलली नाही. हात धुतले, चहा टाकला, बशीत शेव काढली. बांगड्यांचा विषय तिनंही काढला नाही, मीही नाही. बांगड्या गेल्या त्या गेल्याच.

त्या दिवशी मी एक्केचाळीस वर्षांची होते. तिच्या दारात उभी असताना माझ्यातलं काहीतरी खरोखर पुरलं गेलं. नवा बाप्तिस्मा नव्हता तो, सहा महिन्यांची असताना झालेलाच होता.

तुम्ही एक करा. ज्या मंडळीत तुमचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या पाळकांना नोंदवही दाखवायला सांगा. तारीख, आईवडिलांची नावं, तुमचं नाव, सगळं असतं त्यात. जाताना आईला बरोबर न्या. तिला त्या दिवसाचं पुष्कळ आठवत असेल.